सैल बांधलेले रेणू

प्रश्न : दोन रेणू आदळले की अभिक्रिया होते. पण ते नेमके कधी आदळले, हे कळतं कसं? — बारावीची विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : बाळ, रत्नागिरीत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. वायूतले रेणू वाटेल तेव्हा, वाटेल तसे आदळतात. मग घड्याळ सुरू कधी करायचं?

युक्ती अशी, की दोघांना आधीच शेजारी बसवायचं. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून बघ, सुसाट सुटणारी हवा बोटाला गार लागते. तसाच दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडला, की तो शून्याखाली अडीचशे अंशांच्याही पलीकडे गारठतो. त्या गारठ्यात हायड्रोजन आयोडाइड आणि कार्बन डायऑक्साइड एकमेकांना हलकेच धरून राहतात. मिरकरवाडा बंदरात दोन होड्या सैल दोरीने बांधलेल्या असतात ना, तशा. जरा ऊब मिळाली तरी ही गाठ सुटते.

आता लेझरचा अतिनील झोत टाकायचा. आयोडाइड तुटतो, हायड्रोजनचा अणू सुटतो आणि शेजाऱ्यावर आदळतो. तो क्षण म्हणजे शून्य! क्षणभर चारही अणूंचा मिळून एक रेणू होतो, मग कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) वेगळे होतात. दुसरा झोत थोडा उशिरा सोडून हायड्रॉक्सिल जन्मलं का ते पाहायचं. रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्याच्या जन्माला लागणारा वेळ मोजला : काही पिकोसेकंद. एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. झेवैलना १९९९ चं नोबेल मिळालं. मला मात्र वायूच्या त्या गार झोताचंच कौतुक जास्त वाटतं.