उपकेंद्राला कुलूप दिसलं, तर विचारायचं कुणाला?

वाचकांचे प्रश्न

गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या माणसांबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. काही त्या माणसांनीच लिहिलेली, काही त्यांच्यावर रागावलेली. त्यांतली सहा निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात उपकेंद्राची चांगली इमारत आहे, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस कुलूप असतं. ग्रामसभेत विषय निघाला की सगळे सिस्टरच्या नावानं ओरडतात. तिथं नेमकं कोण असायला हवं आणि दाद कुणाकडे मागायची?
— ग्रामपंचायत सदस्य, मराठवाडा

उत्तर : आधी हे पाहा की कुलूप कामावर गेल्यामुळे आहे की काम टाळल्यामुळे. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष आहे. म्हणजे तुमचं उपकेंद्र बहुधा आणखी तीन-चार गावं आणि वाड्या सांभाळतं. आरोग्य सेविकेचं, म्हणजे तुमच्या सिस्टरचं, निम्मं काम इमारतीबाहेरचं असतं : अंगणवाडीतलं लसीकरण सत्र, गृहभेटी, प्राथमिक आरोग्य केंद्रातली मासिक सभा. आरोग्य सेवकाचं तर त्याहून जास्त. तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेणं, पाण्याचे नमुने, डासअळ्यांचं सर्वेक्षण ही कामं खुर्चीत बसून होत नाहीत.

म्हणून पहिली मागणी फिरतीच्या कार्यक्रमाची करा. महिन्याचा आगाऊ फिरती कार्यक्रम प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर झालेला असतो. त्याची प्रत उपकेंद्राच्या दारावर लागली की निम्मी भांडणं मिटतात. कुठल्या तारखेला कोण कुठल्या वाडीवर आहे ते दिसतं, आणि कार्यक्रमात ‘उपकेंद्र’ लिहिलेलं असताना कुलूप दिसलं, तर तक्रारीला आधार मिळतो. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिरात रूपांतर झालं असेल, तर समुदाय आरोग्य अधिकारी हे पदही तिथं असतं आणि बाह्यरुग्ण तपासणी त्यांच्याकडे असते. ते पद भरलेलं असताना रोज कुलूप असेल, तर ती खरी तक्रार.

तक्रारीची पायरी चुकवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय या साखळीत येत नाहीत, ती जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत असतात. उपकेंद्राची तक्रार तिकडे पाठवली की कागद महिनाभर फिरत राहतो.

एक गोष्ट तुमच्या हातातली. सेविका मुक्कामी राहत नाही अशी ओरड असते, तेव्हा निवासस्थान एकदा आतून पाहा. नळाला पाणी येतं का, संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, बाहेर दिवा लागतो का. रात्री बाळंतपणासाठी कुणीही दार वाजवणार असेल, तर एकट्या बाईला तिथं राहणं जमेल असं घर हवं. पाणी, दिवा आणि कडी ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली कामं आहेत.

प्रश्न : मी चार वर्षं आशा म्हणून काम करते. नवजात बाळाच्या गृहभेटीत माझं वजन आणि सिस्टरचं वजन जुळत नाही, दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. श्वासही कधी ५२ भरतात, कधी ६४. घरचे म्हणतात, ताईंना येत नाही.
— आशा स्वयंसेविका, पालघर जिल्हा

उत्तर : ताई, येत नाही असं काही नाही, क्रम बदलून पाहा. घरात गेल्यावर हात साबणानं धुवून पुसून कोरडे केले की बाळाला हात लावण्याआधी श्वास मोजा. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना, पोटावरचा कपडा थोडा वर करून. आधी वजन केलं की कपडे निघतात, बाळ रडतं, आणि रडल्यानंतरचे श्वास वाढलेलेच मिळतात. दूध पितानाही मोजू नका.

मोजायचं ते पूर्ण एक मिनिट. तीस सेकंद मोजून दुप्पट करणं या वयात चालत नाही, कारण नवजात बाळ काही सेकंद भराभर श्वास घेतं, मग थोडं थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. वेगवान अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली की निरोगी बाळ आजारी ठरतं, संथ अर्ध्या मिनिटाची केली की उलटं होतं. आकडा ६० किंवा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर श्वास जलद आहे असं धरून दवाखान्यात पाठवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकड्याची वाट पाहू नका.

मग तापमान. थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध, बाळाचा हात अंगाशी धरून, बीप वाजेपर्यंत. ९७ ते ९९ अंश फॅरनहाइट ठीक. ९५ च्या खाली किंवा ९९ च्या वर गेलं तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. ९५ ते ९७ च्या मध्ये असेल तर आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण, डोक्याला टोपी, आणि काही वेळानं पुन्हा मोजणी.

वजन शेवटी. फरकाचं कारण बहुतेक वेळा झोळी असते. रिकामा काटा शून्यावर आणून मग झोळी अडकवली, तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर जातं. आधी झोळी अडकवा, मग स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणा, मग बाळ. झोळी ओली झाली असेल किंवा बदलली असेल, तर पुन्हा शून्य करा. काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा : वरून वाचला तर एक आकडा दिसतो, खालून वाचला तर दुसरा. बाळ जमिनीपासून फार उंच नको, खाली गोधडी अंथरलेली असू द्या. बाळ हलत असेल तर काटा थांबेपर्यंत थांबा. थंडीत दुपटं काढता येत नसेल, तर दुपट्याचं वेगळं वजन करून वजा करा.

सिस्टरनी तिसऱ्या दिवशी आणि तुम्ही सातव्या दिवशी वजन केलं असेल, तर फरक खराही असू शकतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दहा दिवसांत भरून येतं. त्यामुळे तुलना नेहमी तारखेसकट करा. १,८०० ग्रॅमच्या खालचं बाळ मात्र घरी सांभाळण्याचा आग्रह धरू नका.

भेटींचं वेळापत्रक तुम्हाला पाठ असेलच : दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, घरी झालं तर पहिल्याच दिवसाची एक भेट वाढते. या भेटींचा २५० रुपयांचा मोबदला अडकतो तो सहसा भेटी राहिल्यामुळे नाही, तर माता-बाल कार्डावर वजनाची नोंद नसल्यामुळे, जन्मनोंदणी किंवा लसीची तारीख रिकामी राहिल्यामुळे. गटप्रवर्तकताईंकडे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंकडे, फॉर्म देण्याआधी कार्ड आणि फॉर्म शेजारी ठेवून तारखा जुळवा.

प्रश्न : दहावी शिकलेल्या बाईनं नवजात बाळ तपासावं, हे धोक्याचं नाही का? डॉक्टर कशाला आहेत मग?
— एक तरुण वडील, नाशिक जिल्हा

उत्तर : धोका तपासण्यात नाही, न तपासण्यात आहे. बाळाला संसर्ग झाला की कधी कधी एका दिवसात ते हातचं जातं, आणि त्या दिवशी डॉक्टर वीस किलोमीटरवर असतात. हे काम गावातली बाई करू शकते का, याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या स्त्रियांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले : तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांतला बदल हिशेबात धरून, ६२ टक्क्यांनी घटला होता. जिला मोठे आकडे मोजता येत नव्हते तिच्यासाठी तिथं मण्यांचं श्वासमोजणी साधन बनवलं गेलं. त्याआधी १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना गावच्या आरोग्याचं काम शिकवलं होतं.

या दोन्ही ठिकाणी यश मिळालं ते एकदाच शिबिर घेऊन नव्हे. जामखेडच्या बायका दर आठवड्याला केंद्रावर येत, शिकलेलं पुन्हा करून दाखवत. गडचिरोलीत पर्यवेक्षक गावात जाऊन नोंदी तपासत. सरकारच्या आशा योजनेत प्रशिक्षणाची पुस्तकं आली, फेऱ्याही झाल्या, पण सोबत बसून हात धरून दाखवणारं माणूस कमी पडतं. गटप्रवर्तक हिंडते ती मुख्यतः फॉर्म गोळा करत. तुमच्या घरी ताई आल्या तर त्यांना घाई करू नका, एक मिनिट श्वास मोजू द्या.

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंग झालं आहे. समुदाय आरोग्य अधिकारी व्हावं का? काम काय असतं?
— अमरावती

उत्तर : स्वतंत्रपणे रुग्ण पाहायची आवड असेल तर जरूर. हे पद २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत कार्यक्रमातून आलं. आयुर्वेदाचे पदवीधर आणि परिचारिका यांना सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देऊन उपकेंद्रावर नेमायचं, अशी ती रचना. अलीकडच्या नर्सिंग पदवीत तो भाग आधीच घातलेला असतो, तुमच्या गुणपत्रिकेत पाहा.

कामाचा कणा म्हणजे रक्तदाब आणि मधुमेह. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आजाराच्या जोखमीचा फॉर्म आशा भरतात, त्यातले गुण चारच्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. निदान आणि औषधाची सुरुवात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, दर महिन्याच्या गोळ्या आणि पाठपुरावा तुमच्याकडे. अडचण पडली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला. इथे सगळ्यात जास्त चूक साध्या रक्तदाबात होते. चालत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधतात, शर्टाच्या बाहीवरून बांधतात, हात लोंबता ठेवतात, आणि मोजताना ‘गोळी घेतली का’ विचारत राहतात. या प्रत्येकानं आकडा वर जातो. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, पाय जमिनीवर, बोलणं बंद. दोनदा मोजा.

नोकरी कंत्राटी आहे आणि मानधनाचा एक भाग कामगिरीवर ठरतो, म्हणजे संगणकातल्या नोंदींवर. दुपारचे दोन तास त्यात जातील हे धरूनच जा.

प्रश्न : थंडीत सत्राच्या ठिकाणी पोचल्यावर पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) कुपीत पांढरे कण दिसले. आईसपॅक तर नीट भरले होते. चूक कुठं झाली?
— आरोग्य सेविका, सातारा जिल्हा

उत्तर : ‘नीट भरले’ म्हणजे बहुधा फ्रीझरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या पेटीत. डीप फ्रीझरमधल्या आईसपॅकचं तापमान शून्याच्या खूप खाली असतं. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी, डीपीटी, आयपीव्ही आणि पीसीव्ही या लसी गोठल्या की निकामी होतात. आईसपॅक आधी टेबलावर मांडा, पृष्ठभागावर घाम फुटू द्या, कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं की मगच चारही पॅक कॅरिअरमध्ये. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत बराच वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर काढायला हवेत. घाईत नेमकं हेच राहतं. कुप्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि या लसींची कुपी आईसपॅकच्या खळग्यात टोचून ठेवू नका, तो खळगा विरघळवलेल्या बीसीजी आणि गोवर-रुबेलासाठी.

गोठल्याचा संशय आलेली कुपी वापरू नका. कण खाली बसले, हलवल्यावर मिसळले, म्हणून ती चांगली ठरत नाही. वेगळी करून वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा आणि नोंदवहीत लिहा. त्याच कॅरिअरमधल्या बाकीच्या गोठणसंवेदी कुप्याही पाहाव्या लागतील.

आणि जाता जाता : गोवर-रुबेला किंवा बीसीजी विरघळवल्यावर कुपीवर वेळ लिहा, चार तासांनी टाकून द्या, चार बाळं उरली असली तरी. या लसींत जंतुरोधक नसतं. उशिरा वापरलेल्या कुपीत जंतू वाढून बाळ दगावू शकतं.

प्रश्न : १०२ आणि १०८ मध्ये फरक काय? दोन्ही रुग्णवाहिकाच ना?
— सोलापूर जिल्हा

उत्तर : १०८ तातडीच्या प्रसंगासाठी : अपघात, सर्पदंश, छातीत दुखणं, बाळंतपणातला रक्तस्राव. १०२ गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांसाठी : घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, आणि बाळंतपणानंतर घरी परत. हा परतीचा प्रवास मोफत आहे हे माहीत नसल्यामुळे लोक खासगी जीप करतात. सुट्टी मिळण्याच्या आदल्या दिवशीच सिस्टरला सांगून ठेवा. १०८ ला फोन लावल्यावर गावासोबत तालुका आणि ठळक खूण सांगा, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्यात तीन-तीन असतात. रस्ता चुकल्यावर चालक तुम्ही ज्या नंबरवरून बोललात त्याच नंबरवर फोन करणार असतो, तेव्हा फोन दुसऱ्या कामात गुंतवू नका आणि फाट्यावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा करा.