रोमशी तुलना करण्याआधी

ठाणे

प्रिय मित्रा,

‘आजच्या महासत्तांचंही रोमसारखंच होणार का?’ हा तुझ्या भाषणाचा विषय आहे तसा घेतलास, तर हाती काही लागणार नाही. रोम का कोसळलं याची आजवर सांगितली गेलेली कारणं १९८४ मध्ये एका जर्मन इतिहासकाराने मोजली, ती २१० भरली. तुला हवं ते कारण त्यात सापडणारच. म्हणून विषय लहान कर. सैन्याचा खर्च आणि तो भागवायला पैसा कुठून आला, एवढंच घे.

त्याआधी नेमकं काय कोसळलं ते ठरव. साम्राज्य, राजघराणं, राज्ययंत्रणा आणि देश असे चार वेगळे रकाने आख. आपल्याकडचंच बघ. आज ज्यात मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. १७३९ मध्ये वसईही गेली. तरी गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते आणि पोर्तुगाल हा देश तर आजही आहे. बहुतेक तुलना इथेच फसतात. एका पारड्यात साम्राज्य टाकायचं, दुसऱ्यात देश, आणि वर निष्कर्ष काढायचा.

आता पैशाकडे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात रोमन शिपायाला वर्षाला २२५ डेनारियस (रोमचं चांदीचं नाणं) मिळत, डोमिशियनने ते ३०० केले, पुढच्या सम्राटांनी आणखी वाढवले. एवढ्यावर थांबलास तर हिशेब चुकेल, कारण निवृत्त होताना शिपायाला एकरकमी ३,००० डेनारियस द्यावे लागत. त्यासाठी ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये वेगळा खजिना काढला आणि वारसा हक्कावर ५ टक्के, लिलावावर १ टक्का कर बसवला. आजच्या आकड्यांतही हाच सापळा आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रुपयातले ८ पैसे संरक्षणाला दिसतात, पण सैनिकांची पेन्शन त्यात धरलेली नाही. ती पेन्शनच्या ४ पैशांत मिसळलेली आहे. दोन्हीकडे पेन्शन धर, नाहीतर दोन्हीकडे सोड.

आजचं सरकार तूट भरायला कर्जरोखे काढतं. रोमकडे ती सोय नव्हती, म्हणून नाण्याचा कस उतरवला गेला. ऑगस्टसचा डेनारियस सुमारे ३.९ ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा. नीरोने इ. स. ६४ मध्ये वजन आणि कस दोन्ही कमी केले. इ. स. २०० च्या सुमारास, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत, चांदी निम्म्यावर आली. २१५ मध्ये कॅराकलाने काढलेल्या नव्या नाण्याची दर्शनी किंमत दोन डेनारियस, आत चांदी मात्र दीडाएवढीच. २७० च्या आसपास तीही पाच टक्क्यांच्या खाली गेली.

इथे हमखास एक उडी मारली जाते, की चांदी घटली म्हणून महागाई भडकली आणि साम्राज्य बुडालं. इजिप्तमधल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांवर, गव्हाचे भाव टिकून आहेत, ते काय सांगतात बघ. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात भाव साधारण दुप्पट झाले, मग बरीच दशकं फारसे हलले नाहीत आणि २७० नंतरच्या दशकात एकदम दहापटीच्या घरात गेले. चांदी मात्र त्याआधीपासून उतरतच होती. शिवाय इजिप्तचं चलन वेगळं होतं, तेव्हा हा आकडा अख्ख्या साम्राज्याला चिकटवू नकोस. दर आकड्यापुढे साल आणि प्रांत लिहिलंस की अशी गफलत आपोआप पकडली जाते.

उलट बाजूचे दाखलेही तक्त्यात हवेत. सम्राट कॉन्स्टंटाइनचं साधारण ४.५ ग्रॅमचं सोन्याचं नाणं पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यात अकराव्या शतकापर्यंत बऱ्यापैकी टिकलं, आणि तरीही सातव्या शतकात सीरिया आणि इजिप्त हातचे गेले. १८१५ नंतर ब्रिटनचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट होतं. पुढचं शतक कुणाचं होतं, ते मुंबई-ठाण्याला सांगायला नको. म्हणून अर्थसंकल्पातले व्याजाचे २० पैसे बघून लगेच ‘रोम’ म्हणू नकोस. कर्ज कोणत्या चलनात आहे, व्याजदर किती आणि महसूल त्यापेक्षा वेगाने वाढतो का, हे तीन प्रश्न आधी विचार.

नैतिक ऱ्हास, ऐषआराम वगैरे भाग गाळ. मोजता येत नाही आणि सगळ्याच काळात लोक त्याची तक्रार करतात.

वाचनासाठी मराठी ग्रंथसंग्रहालय तुला जवळ आहे. तिथे एका बैठकीत एकच रकाना भर.

आणि हो, ‘प्रत्येक साम्राज्य २५० वर्षं जगतं’ हा व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड भाषणात नको. त्यात तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य १५७० लाच संपवलेलं असतं, म्हणून हिशेब जुळतो. प्रश्नोत्तरांत कुणीतरी तो काढेलच, तेव्हा त्या साम्राज्याच्या सुरुवातीचं १२९९ आणि शेवटाचं १९२२ ही दोन सालं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव.