लग्नपत्रिका छापायला देण्याआधी
अगं, प्रूफ हातात आलं की मजकुराच्या आधी स्वस्तिक बघ. त्याचे हात उजवीकडे वळलेले हवेत. माझ्या पुतणीच्या लग्नात ते आरशातल्यासारखं उलटं छापून आलं, सगळा गठ्ठा परत करावा लागला. फार जीव हळहळला. गणपती विघ्नहर्ता, म्हणून सगळ्यात वर. खाली कुलदैवतांची नावं दोन्ही घरांची घाल, नुसती सासरची नकोत. कलश म्हणजे भरलेपण: आत पाणी, काठाला आंब्याची पानं, वर शेंडीचा नारळ. हल्ली डिझाइनमध्ये पानंच गाळतात, मला ते अजिबात पटत नाही. कोपऱ्यांना हळदकुंकू स्वतःच्या बोटानं लाव, छापील ठिपक्यांवर भागवू नकोस. आणि पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेव, पुण्याचं ग्रामदैवत आहे ते. मग कुलदैवताला, मग मामाकडे.