८१ टक्के मिळवून वायरी ओढायच्या?

प्रश्न : मुलाला ८१ टक्के पडले. तो म्हणतो, कॉलेज नको, इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतो. घरात आठ दिवस अबोला आहे. एवढे मार्क काय वायरी ओढायला मिळवले? – एक आई

ताई, त्या वायरी ओढण्यात त्याचे मार्क कुठे लागतात ते आधी सांगते. टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडायच्या जागेचा, स्क्रू ढिला राहिला, तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार झाला आणि १० अँपिअर करंट वाहतोय. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे वाटाण्याएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग जळका वास येतो. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा स्विच, मात्र ट्रिप होत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. हे ज्याच्या डोक्यात बसलंय तो थेट त्या स्क्रूपाशी जातो. बाकीचे एमसीबी बदलून पैसे घेऊन जातात.

अप्रेंटिसशिपमध्ये कामही असतं आणि वर्गही, हातात विद्यावेतन येतं, शेवटी परीक्षा होते. मुदत देशागणिक वेगळी, जर्मनीत साडेतीन वर्षं. पुढे सोलर, लिफ्ट, कारखान्यातली कंट्रोल पॅनेल अशा वाटा फुटतात. शिकायचंच असेल तर नंतरही शिकता येतं.

मला काळजी वेगळीच वाटते. नावाला अप्रेंटिस आणि प्रत्यक्षात हरकाम्या, असं सर्रास चालतं. वर्षभर भिंतीला झिरी मारायची, शिडी धरायची, सामान वाहायचं. थोडं तेही करावंच लागतं, पण कोणत्या वर्षी काय शिकवणार आणि कुणाच्या हाताखाली, हे करारात लिहिलेलं हवं. तिथे आधी शिकून गेलेल्या एखाद्या मुलाला गाठा. डीबीचं, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या मुख्य बोर्डाचं, जोडकाम पहिल्यांदा कधी करायला मिळालं, एवढं विचारलंत तरी पुरे.

आणि तिथल्या शिकवणाऱ्यांना एक प्रश्न मुलालाच विचारू दे : "सप्लाय बंद झालाय हे तुम्ही कसं तपासता?" मेन बंद करून कुलूप आणि पाटी लावतो, टेस्टर आधी चालू पॉइंटवर बघतो, मग कामाच्या जागी, मग परत चालू पॉइंटवर, असं कुणी सांगितलं तर तिथे मुलाला निर्धास्त पाठवा. "टेस्टर लावतो की!" म्हणून कुणी हसलं तर तिथून उठा. बिघडलेला टेस्टर जिवंत वायरवरही पेटत नाही.

सही करण्याआधी त्याची रंगांधळेपणाची चाचणी करून घ्या. वायरी रंगावरून ओळखायच्या असतात. लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे कित्येक मुलांना तोवर ठाऊकच नसतं.