सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही : जुन्या गाड्यांची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचे आहेत, आणि जवळपास प्रत्येकाने विचारण्याआधीच काहीतरी नवीन पार्ट आणून बसवलेला आहे, ते वाचून खरंच वाईट वाटतं. आधी तपासा, मग बाजारात जा.

रामबाग, इंदूर : पावसाळाभर पद्मिनी शेडमधे झाकून होती. दसऱ्याला पूजेसाठी काढायला गेलो तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन एकदाही पकडत नाही. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर खोलावा लागेल.

काका, कार्बोरेटरला अजून हात लावू देऊ नका. डेल्कोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, जो ठिणगी प्रत्येक प्लगला वाटतो) टोपीतली मधली जाड वायर काढा, रबराच्या मुठीच्या पक्कडने धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिमीवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा (आसपास पेट्रोल सांडलेलं नको). निळी, टच्च आवाजाची ठिणगी आली तर कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि पॉइंट (डेल्कोतला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) ठीक, मग टोपी, तिच्याखाली फिरणारा रोटर, प्लग बघा. काहीच आली नाही तर एक साधा 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॉडीला आणि दुसरं कॉईलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डेल्कोकडे जाते, आणि परत सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे. नुसता पेटूनच राहिला तर पॉइंट मिटतो आहे पण करंट जाऊ देत नाही, किंवा मिटतच नाही. पेटलाच नाही तर कॉईलला सप्लाय येत नाही नाहीतर पॉइंट कुठेतरी अर्थ झालाय.

चार महिने दमट हवेत उभ्या गाडीत माझा पहिला संशय पॉइंटवरच असतो, वरून स्वच्छ दिसतो पण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग कोरा कागद मधे धरून ओढा म्हणजे भुकटी निघून जाईल. पॉइंट पूर्ण उघडल्यावरची फट म्हणजे गॅप, तो फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या) 0.4 मिमीच्या आसपास ठेवा, नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलमधे बघून घ्या. टोपी आतून उजेडात धरून बघा, केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथूनच पळते आहे, अशी टोपी पुसून चालत नाही, बदलायचीच.

लोकमान्य नगर, इंदूर : चावी फिरवली की नुसता टक् आवाज. बॅटरी नवी आहे, सेल्फ पण रिपेअर करून आणला, तरी तेच.

सेल्फचे पैसे उगाच गेले असं वाटतंय. हेडलाईट लावून चावी फिरवा. लाईट एकदम मेले तर बॅटरी किंवा जोडण्या, लाईट तसेच राहिले तर सोलेनॉइडपासून (सेल्फला करंट जोडणारा मोठा स्विच) पुढे बघायचं. पण जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी बघतो, कारण ती खाली असते, तेलात माखलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारताना बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तिथेच चोर आहे, पट्टी काढून दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि आवळून बसवा.

ग्वाल्हेर : पॉइंट नवीन टाकल्यापासून सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं.

गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं ताई. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे ठिणगी आधी पडते, पिस्टन वर यायच्या आतच त्याला खाली ढकललं जातं. आधी गॅप पक्का करा आणि मगच टायमिंग, उलट्या क्रमाने केलं तर दोन्ही वेळा मेहनत वाया. आणि झटके खात सेल्फ मारत राहू नका, त्याचे दात तुटतात.

देवास : मे महिन्यात ओंकारेश्वरहून येताना भेरूघाट चढून चहाला थांबलो, 15 मिनिटांनी ॲम्बेसेडर सुरूच होईना. तासाभराने आपोआप झाली!

आपोआप नाही, थंड झाली म्हणून झाली. इथे वर सांगितलेली ठिणगीची तपासणी गाडी अडलेली असतानाच करायची, घरी येऊन थंड इंजिनवर सगळं छानच दिसणार. गरम असताना ठिणगी नसेल किंवा पिवळट मरगळलेली असेल तर कॉईल किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी), गरम झाल्यावर दम सोडणारे हे दोघंच मी जास्त बघितलेत. ठिणगी चांगली असेल तर एक प्लग काढा. ओला असेल तर जास्त पेट्रोल गेलंय, चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. कोरडा असेल तर पेट्रोलची वाफ पंपात अडकली आहे, पंपावर आणि पाईपवर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. आणि हो, आता पेट्रोलमधे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुने रबरी पाईप त्याने फुगतात आणि चिरतात, तेव्हा घाटात जायच्या आधी ते बोटाने दाबून बघा. चिकट किंवा भेगाळलेले लागले तर त्याच दिवशी बदला, खाली गरम इंजिन असतं.