हलगी मध्यभागी ठेवा
वाचकांचे प्रश्न : मिरवणूक, आवाज आणि वर्गणी

प्रश्न : यंदा डीजे नको असं आमच्या मंडळाच्या बैठकीत ठरलं. पण लेझीम येणारं मंडळात कुणी उरलेलं नाही, आणि पोरं कुरकुरतायत. गणपतीला दोन महिने आहेत. जमेल का? (साखर पेठ)

उत्तर : जमेल, पण सुरुवात या आठवड्यातच करा. पोलिसांनी डीजेचे बॉक्स जप्त केले म्हणून त्या जागी लेझीम आपोआप उगवत नाही, ती शिकवावी लागते. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी घातलेला माणूस भलामोठा नंदीध्वज, म्हणजे सजवलेली उंच काठी, कमरेवर तोलत चालतो. तो तोल भाड्याने आणता येत नाही. म्हणूनच संक्रांतीला सातही नंदीध्वज आजही निघतात.

रोज संध्याकाळी एक तास धरा. पहिला आठवडा लेझीम हातात देऊच नका. हलगीच्या ठेक्यावर नुसती पावलं टाकू द्या, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. मग लेझमीचा ‘चार आवाज’ हा प्रकार, तो पक्का बसला की ‘आठ आवाज’. ‘आगे फलांग’सारखे उड्यांचे प्रकार पाचव्या आठवड्यापर्यंत काढू नका. पोरांना तेच आधी हवे असतात आणि रांग तिथेच फुटते. मिरवणुकीत वेग एकशे वीसच्या वर गेला की मागची पोरं दमतात, हे हलगीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

बहुतेक पथकांची चूक म्हणजे हलगी सगळ्यांत पुढे. पन्नास जण दोन रांगांत, दोघांत दीड मीटर अंतर धरलं तर पथक ३६ मीटर लांब होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शेवटच्या माणसाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. तेवढ्यानेही मागची छमछम पुढच्यांपेक्षा वेगळी पडते आणि दोष पोरांना मिळतो. हलगी पथकाच्या मध्यभागी, दोन रांगांच्या मधे ठेवा. उशीर निम्मा होतो.

पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडून आवाज बसतो. सोबत रद्दी आणि काडेपेटी ठेवा, दर थांब्यावर हलगी जाळापासून हातभर लांब धरून फिरवत शेका. एकाच जागी धरली तर कातडं तडकतं. लेझमीच्या चकत्या आणि साखळीच्या कड्या आदल्या रात्री तपासा. निसटलेली चकती गर्दीत कुणाच्याही डोळ्याला लागू शकते.

प्रश्न : आमची गल्ली अरुंद आहे, वडील हृदयरोगी आहेत. मिरवणुकीचा आवाज किती असावा आणि तक्रार कशी करायची? (जोडभावी पेठ)

उत्तर : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेत ६५ आणि ५५, तर रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती वेळेची सूट आहे, आवाजाची नाही. शांतता क्षेत्राला तीही नाही.

डेसिबलचा हिशोब साधा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल घटतात. तीन मीटरवर ११० असलेला डीजे ४८ मीटरवरही ८६ भरतो. पेठेतल्या गल्लीत तर दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज उलटतो, त्यामुळे तेवढाही घटत नाही.

मर्यादेपेक्षा आवाज दहा डेसिबलने जास्त असेल किंवा रात्रीचं बंधन मोडलं असेल तर तक्रार करता येते. ११२ वर फोन करा. वेळ, चौकाचं नाव आणि वाहनाचा क्रमांक सांगा, गॅलरीतून व्हिडिओ घ्या. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा अंदाजापुरता ठीक, पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. त्याआधी मात्र, मिरवणुकीच्या चार दिवस अगोदर, मंडळाच्या अध्यक्षांना घरी बोलावून वडिलांना भेटवा. पेठेत अजून एवढी ओळख शिल्लक आहे, ती वापरा.

प्रश्न : नियम फक्त आपल्याच सणांना का? (विजापूर रोड)

उत्तर : कागदावर तसं नाही. ध्वनिक्षेपक हा धर्माचा आवश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात म्हटलं. अंमलबजावणीत भेदभाव होतो ही तक्रार खोटी म्हणणार नाही. मग भोंगा, नेत्याची विजयी मिरवणूक, लग्नाची वरात या सगळ्यांविरुद्ध लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पण ‘ते वाजवतात म्हणून आम्हीही’ हे काही धर्माभिमानाचं लक्षण नव्हे. बाप्पापुढे कसलीही गाणी लावून त्याला संस्कृतिरक्षण म्हणणाऱ्यांनी आरतीची सगळी कडवी पाठ म्हणून दाखवावीत.

प्रश्न : वर्गणी कमी पडते, एक इच्छुक उमेदवार सगळा खर्च उचलायला तयार आहे. घ्यावा का? (जुळे सोलापूर)

उत्तर : घेऊ नका. मंडपात मूर्तीपेक्षा त्याचा फोटो मोठा होईल आणि पुढच्या वर्षी तो नसला तर मंडळाला मांडव घालता येणार नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी. पावतीपुस्तकाला क्रमांक हवेत, आणि कुणावर रक्कम लादू नका. विसर्जनानंतर आठवडाभरात जमाखर्च चौकातल्या फळ्यावर लावा. डीजेचा खर्च वजा केला की बहुतेक मंडळांची वर्गणी पुरते.