पंचवटी, त्र्यंबक आणि वायनरी सोडून नाशिकच्या जुन्या गावात पायी फिरून काय बघता येईल?

वायनरी वगळायची म्हणालात तिथेच तुमच्याबद्दल मत चांगलं झालं. मार्ग मात्र मी एकाच वाक्यात सांगणार आहे: गंगेवरून सुरुवात करा आणि चढत जा. (गंगा म्हणजे गोदावरीच. नाशिकचा माणूस तिला गोदावरी फक्त निबंधात म्हणतो.)

जुनं नाशिक टेकाडांवर वसलेलं आहे. खाली घाटालगत भांडी बाजार, सराफ बाजार, आणि वर राहती घरं. गिऱ्हाईक यात्रेकरू, ते नदीवर येणार, म्हणून दुकानदारांनी पुराचा धोका पत्करून खाली दुकानं थाटली. वडिलांचं भांड्यांचं दुकान याच बाजारात होतं, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की पितळी घागरी आणि स्टीलची पातेली माळ्यावर चढवायची, हा आमच्या घरचा पावसाळी व्यायाम. सप्टेंबर 2008 मध्ये तर माळाही पुरला नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझा मेहुणा पुण्याचा. सुट्टीत सहकुटुंब आला आणि जेवताना म्हणाला, "भावोजी, नाशिकला देवळं खूप, पण वाडे बघायचे तर पुण्यालाच. इथे आहेत ती नुसती जुनी घरं." बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला पुढचं कळलं होतं. तिने मुलांना घेऊन मॉलचा रस्ता धरला, आणि मी मेहुण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाटावर उभा केला.

पहिल्यांदा दुतोंड्या मारुती. नदीच्या पात्रात उभा आहे, एक तोंड इकडे, एक तिकडे. मेहुणा म्हणाला, "बरं, मूर्ती आहे." अहो, ती आमची पूर मोजायची पट्टी आहे! पाणी किती क्युसेकने सोडलं हे सरकारी आकडे टीव्हीवर येतात, पण जुन्या गावात फोनवर एवढंच विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत?" कमरेपर्यंत म्हटलं की चहा घ्यायचा. छातीपर्यंत म्हटलं की दुकानाकडे निघायचं. गळ्यापर्यंत म्हटलं की निघायला उशीर झालेला असतो. समोर पंचवटीच्या काठाला नारोशंकराचं देऊळ आहे, 1747 सालचं. त्याच्या दर्शनी कमानीत टांगलेली घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. पर्यटक तिचा फोटो काढतात. आमच्याकडे "घंटेला पाणी लागलं" हे वाक्य 1969 च्या पुराच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं हळू आवाजात बोलायची.

मग भांडी बाजारातून वर सराफ बाजार, आणि तिथे सरकारवाडा. पेशव्यांच्या कारभाराची जागा. मेहुण्याने दरवाजा बघितला, शनिवारवाड्याशी तुलना केली आणि नाक मुरडलं. मी त्याला पायऱ्या बघायला लावल्या. पूर मोजायची दुसरी पट्टी ही. पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला आहे, त्यावर सगळा सराफ बाजार आपापली तिजोरी सांभाळतो. शेजारच्या पेढीवरचे काका शटर उघडता उघडता थांबले आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठे होतं ते त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं. छत्री त्यांच्या डोक्याच्या वर गेली. तेव्हा मेहुणा पहिल्यांदा गप्प झाला.

शनिवारवाड्याचं काय आहे, तो 1828 मध्ये जळाला. आत आहेत जोती आणि हिरवळ. तिकीट काढून हिरवळ बघायची आणि वर आम्हाला वाडे शिकवायचे. असो.

दहीपुलावरून तिवंध्याकडे चढलो. चौकात मेहुण्याला दम लागला, जिलबीचा वास आला, म्हणून थांबलो. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून जिलबी खात होता. मी म्हटलं, "कशावर उभा आहेस?" म्हणाला, "रस्त्यावर." म्हटलं, "हौदावर." ही रहाड. पेशवेकाळापासूनचा दगडी हौद, माणूस बुडेल एवढा खोल, वर्षभर लाकडी ओंडके आणि माती घालून बुजवलेला, आणि वरून रिक्षा चाललेल्या. रंगपंचमी जवळ आली की खणून उघडतात, पूजा करतात, फुलं उकळून रंग करतात आणि मग लोक वरून धप्पा मारतात, म्हणजे हौदात उडी. जुन्या गावात अशा आणखी रहाडी आहेत, प्रत्येकीचा रंग ठरलेला. अंगाचा रंग आठवडाभर जात नाही, आणि जाऊ नये अशीच इच्छा असते. मेहुण्याचा विश्वास बसेना. हलवायाकडच्या पोराने पायाने जमीन ठोकून दाखवली आणि "खाली रंग आहे, काका" एवढंच सांगितलं.

"पण हा काही वाडा नाही," मेहुणा म्हणाला. पुणेकराला हरवता येत नाही.

म्हणून एका बोळात नेला. ओटा, देवडी, आत चौक, कोरीव खांब, वर कडीपाट. दारातून डोकावतोय तोच आतून आजी आल्या. "बिल्डरकडून आलात का?" म्हणाल्या. त्यांच्या दारावर महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस होती, मालकाचा आणि भाडेकरूंचा वाद जुना, आणि दोन पॅन्टवाले पुरुष खांबाकडे बघताहेत म्हणजे मोजमाप घ्यायलाच आले असणार. मी वडिलांच्या दुकानाचं नाव सांगितल्यावर त्यांचा सूर बदलला. चहा झाला. एका तुळईला वाळवी लागलेली, तिच्याखाली त्यांनी लोखंडी पाइपचा टेकू दिलेला, आणि त्या पाइपला हळदीकुंकू लावलेलं. घर धरून ठेवतो ना, म्हणाल्या. मेहुण्याने त्या टेकूचा फोटो काढला, पण त्याला वाडा म्हटलं नाही ते नाहीच.

दरवर्षी पावसाळ्यात यातला एखादा वाडा बसतो, बातमी येते, आणि पुढच्या वर्षी तिथे पार्किंग असतं. "बघायला आहे काय" असं म्हणणारे सगळे यात भागीदार आहेत, हे मी मेहुण्याला तेव्हाही सांगितलं आणि इथेही सांगतो.

तुमच्या प्रश्नातलं उरलेलं: त्या दिवशी आम्ही तिवंध्यावरून जुनी तांबट लेन, चौक मंडई करत काझीच्या गढीच्या बाजूला गेलो. मातीचं टेकाड आहे, दिसायला काहीच नाही. पण सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी 1950-51 मध्ये तिथे खणलं तेव्हा एकाखाली एक वस्त्यांचे थर निघाले, पार ताम्रपाषाण काळापर्यंत, म्हणजे माणूस तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचा तेव्हापर्यंत. नाशिक किती जुनं याचं भांडण तिथेच मिटतं. गढीच्या कडेला जाऊ नका, पावसात ती ढासळते आणि लोकांची घरं अगदी काठावर आहेत.

पंचवटी वगळायची म्हणालात, पण तिथलं काळाराम मंदिर वगळू नका. रांगेत उभं राहायचं नसेल तर दरवाजाशी थांबा. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली याच दारांशी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. माझ्या मते नाशकातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण ते दार आहे, गाभारा नव्हे. हे ऐकून घरी काही जण रागावतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बुधवारी घाटावर आठवडी बाजार असतो. भाजी घ्यायची असेल तर उत्तम, मारुती नीट बघायचा असेल तर दुसरा वार धरा. सकाळी लवकर निघा, दहानंतर बोळात दुचाकी आणि तुम्ही एकत्र मावत नाही. वाडे म्हणजे लोकांची घरं आहेत, ओट्यावरून हाक मारल्याशिवाय आत जाऊ नका, आणि खांबाला टकटक करून बघू नका, आजी बाहेर येतील. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघण्याआधी कुणालातरी फोन करून मारुतीच्या कुठपर्यंत ते विचारा. आणि मिसळ कुठे खावी हे मला विचारू नका, त्यावरून आमच्या घरात वेगळं भांडण चालू आहे.